नावाचा वारसा कोणाचा?

आमच्या धर्मशास्त्राने सांगितलेल्या सोळा संस्कारांपैकी बहुतेक आता पोथीतच उरले आहेत. पुंसवन, सीमंतोन्नयन, समावर्तन ह्या शब्दांचा अर्थ सांगू शकतील अशी घरेसुद्धा आज थोडीच सापडतील. परंतु नामकरण हा एक संस्कार असा आहे की, जो श्रीमंताच्या दिवाणखान्यात होतो तसा मजुराच्या खोपटातही होतो. देव मानणाऱ्याच्या घरी होतो तसा न मानणाऱ्याच्याही घरी होतो. बाराव्या दिवशी पाळणा बांधावा, आळीतल्या बायकांनी जमावे, घुगऱ्या वाटाव्या आणि आत्याने बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगावे, हा सोहळा थोड्याफार फरकाने महाराष्ट्रात घरोघर चालू आहे. ज्या संस्काराविषयी जातीजातींत व पंथापंथांत एकमत आहे, त्यात काही दोष शिरला असेल तर तो एका वर्गाचा दोष राहत नाही, सर्व समाजाचा ठरतो. म्हणून बारशाच्या एका चालीविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. ती चाल म्हणजे आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची.

ही चाल मुळात वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही, हे प्रारंभीच सांगून टाकणे बरे. गेलेल्या माणसाचे नाव घरात पुन्हा उच्चारले जावे ही इच्छा मनुष्यमात्राच्या ठायी स्वाभाविक आहे. तमिळ भाषेत नातवास 'पेरन्' म्हणतात आणि त्याच भाषेत 'पेर्' म्हणजे नाव. नातू म्हणजे नाव चालविणारा, हा अर्थ त्या शब्दातच दिसतो. ग्रीस देशात पहिल्या मुलास बापाच्या बापाचे नाव ठेवण्याचा परिपाठ फार जुना आहे. मध्य व पूर्व युरोपातील ज्यू लोक हयात असलेल्या आप्ताचे नाव मुलास देत नाहीत, दिवंगताचे मात्र आवर्जून देतात. आमच्याकडील पुष्कळ घराण्यांतही आजोबा निवर्तल्यावरच त्यांचे नाव नातवाकडे येते, आणि 'आजोबाच परत आले' असे म्हणून घरातील वृद्ध मंडळी डोळे पुसतात. ह्या भावनेचा उपहास करण्यात सुधारणा नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ह्या प्रेमाच्या वाटणीत घरातील अर्ध्या माणसांच्या वाट्यास काहीच का येऊ नये, हा तो प्रश्न होय.

प्रथम शास्त्राकडे पाहू. कारण चालीवर बोट ठेवताच शास्त्राची ढाल पुढे करण्याची आमच्या लोकांची सवय आहे. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाचे प्रयोजन सांगताना याज्ञिकांचे एक वचन दिले आहे. मुलाच्या जन्मानंतर दहा दिवसांनी त्याचे नाव ठेवावे, ते कोणत्या वर्णाने सुरू व्हावे, किती अक्षरांचे असावे, हे सांगून त्या नावाचा तीन पूर्वपुरुषांशी संबंध असावा असाही दंडक तेथे आहे. म्हणजे वाडवडिलांच्या नावाचा धागा मुलाच्या नावात ओवण्याची कल्पना निदान दोन हजार वर्षांची आहे. मात्र हे सारे पुत्राविषयी. कन्येचे नाव कसे असावे हे मनूने सांगितले आहे. ते उच्चारास सोपे, कानास गोड, मंगल, दीर्घ स्वराने संपणारे असावे. पुत्राचे नाव कुळाशी जोडावयाचे आणि कन्येचे कानाला गोड लागावयाचे, असा हा भेद आहे. एक वारस आणि दुसरी पाहुणी, हा निवाडा बाराव्या दिवशीच झालेला असतो.

ह्यावर कोणी म्हणेल की, शास्त्रच जर असे आहे तर आमचा काय इलाज? त्यांस आमचे उत्तर असे की, शास्त्राची आज्ञा गैरसोयीची वाटली तेव्हा तुम्ही ती खुशाल मोडली आहे. ज्या कन्येचे नाव नक्षत्राचे, वृक्षाचे किंवा नदीचे असेल तिच्याशी विवाह करू नये, असे तोच मनू सांगतो. तरी रोहिणी व रेवती, तुळसा व चंपा, गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा ह्या नावांच्या मुली महाराष्ट्रात पिढ्यानुपिढ्या जन्मल्या, त्यांचे विवाह झाले आणि त्यांचे संसारही झाले. मनूचे वचन त्यांच्या आड आले नाही. तेव्हा हा प्रश्न शास्त्राचा नसून सोयीचा आहे; आणि सोय कोणाची पाहिली गेली, हे आता इतिहासात पाहू.

शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात पडले. महाराजांना 1657 साली पुत्र झाला त्याचे नाव संभाजी. संभाजी महाराजांच्या पुत्राचे नाव शिवाजी. त्यांस आपण शाहू महाराज म्हणून ओळखतो. राजाराम महाराजांना ताराबाईंपासून जो पुत्र झाला त्याचेही नाव शिवाजी, आणि राजसबाईंच्या पुत्राचे नाव पुन्हा संभाजी. एकाच आजोबांचे नाव दोन चुलत भावांस मिळाले. आणि 1707 साली शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर ताराबाईंनी आपल्या शिवाजीच्या नावाने राज्याचा हक्क सांगितला, तेव्हा मराठ्यांच्या गादीसाठी ह्या दोन नातवांच्या नावाने तलवारी निघाल्या. पेशव्यांच्या घरातही हाच क्रम दिसतो. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव; थोरल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव; थोरले माधवराव 1772 साली वारले आणि नारायणरावांच्या वधानंतर 1774 साली त्यांस जो पुत्र झाला त्यास चुलत्याचे नाव देऊन सवाई माधवराव म्हटले. चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. त्याने अद्याप काहीच पराक्रम केलेला नव्हता, परंतु ज्या नावाखाली राज्य सावरले होते ते नाव त्याच्यापाशी होते.

ह्या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. पूर्वजाचे नाव ही केवळ हाक नव्हे. तो वारशाचा दावा होय. ज्यास नाव दिले त्यास घराने आपला पुढचा मालक म्हणून पुढे केले, असा त्याचा अर्थ असतो. आणि हा अर्थ राजवाड्यापुरता नाही. दोन एकर कोरडवाहूच्या धन्यासही नातवाला बापाचे नाव ठेवताना 'नाव चालेल' असेच वाटत असते. मग प्रश्न सरळच उरतो. ज्या घरी मुलगी जन्मली त्या घरी कोणाचे नाव चालते?

कित्येक घरी आजीचे नाव नातीस ठेवितात, हे आम्हांस ठाऊक आहे. आणि ती चाल अधिक पसरावी अशीच आमची इच्छा आहे. परंतु तेथेही एक अडचण उभी राहते, आणि ती पुष्कळांच्या ध्यानीच येत नाही. आजीचे नाव म्हणजे कोणते नाव? तिच्या आईबापांनी पाळण्यात ठेविलेले की लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने कोरलेले? कल्याणास 1865 साली जन्मलेल्या एका मुलीचे नाव यमुना होते. ती गोपाळराव जोश्यांची पत्नी झाली आणि आनंदीबाई ह्या नावाने 1886 साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेऊन अजरामर झाली. कुर्लेकरांच्या घरची दुसरी एक यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमाबाई झाली आणि पुण्याच्या सेवासदनाचा पाया घालून गेली. लोकमान्य टिळकांच्या पत्नी माहेरच्या तापी व सासरच्या सत्यभामा. झाशीची राणी माहेरची मणिकर्णिका. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकही माहेरच्या मनकर्णिकाच, आणि दोघीही सासरी जाऊन लक्ष्मी झाल्या. सुधारक असोत, सनातनी असोत, राजे असोत की कवी असोत, ह्या एका बाबतीत कोणाच्याही घरचा रिवाज निराळा नव्हता. ह्या स्त्रियांची कीर्ती एवढी मोठी की, त्यांची पहिली नावे चरित्रकारांनी शोधून जपली. परंतु ज्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत अशा लक्षावधी आज्यांची पहिली नावे त्यांच्या भावंडांबरोबरच लोपली. आपल्या आजीचे माहेरचे नाव काय होते, हे वाचकांनी क्षणभर आठवून पाहावे. पुष्कळांस ते आठवणार नाही. कारण ते त्यांनी कधी ऐकलेलेच नसेल.

पुरुषाचे नाव आमच्यात कधीच बदलत नाही असे नाही. ते दोन प्रसंगी बदलते. संन्यास घेताना बदलते, कारण त्याचे पूर्वायुष्य संपले असे मानावयाचे असते. आणि दत्तक जाताना बदलते, कारण त्याने जन्मदात्यांचे घर सोडून दुसऱ्याचे घर धरले असे मानावयाचे असते. कवळाण्याच्या गोपाळरावांनी 1875 साली आपले नाव टाकले व त्यांस सयाजीराव ह्या नावाबरोबर बडोद्याची गादी मिळाली. कागलच्या यशवंतरावांनी 1884 साली आपले नाव टाकले व त्यांस शाहू छत्रपती ह्या नावाबरोबर कोल्हापूरची गादी मिळाली. नावाच्या मोबदल्यात राज्य, हा सौदा कोणीही तोट्याचा म्हणणार नाही. परंतु सासरी जाऊन जिने आपले नाव टाकले तिला त्या घराने मोबदल्यात काय दिले? दत्तकपुत्रास त्या घराची दौलत मिळे; नव्या नावाच्या सुनेस त्या घराची चूल मिळे. दत्तकाप्रमाणे तिचे जुने घर सुटले आणि संन्याशाप्रमाणे तिचे पूर्वायुष्य संपले. मात्र दत्तकाची मालकी तिला मिळाली नाही आणि संन्याशाचा मानही मिळाला नाही.

बारशाच्या सोहळ्यात आत्येला मान असतो, ह्याचा उल्लेख वर आलाच आहे. आमच्या चालीत स्त्रीस इतके मानाचे काम क्वचितच दिलेले आढळते. म्हणून ह्या मानाकडे जरा बारकाईने पाहावे. ही आत्या त्याच घरात जन्मली. तिच्याही कानात कोणा आत्येने एक नाव सांगितले होते. पुढे ती लग्न होऊन गेली, तेथे तिला दुसरे नाव मिळाले, आणि आता आपल्या बापाचे नाव भावाच्या मुलाच्या कानात सांगण्यासाठी ती माहेरी आली आहे. जे नाव ती चालवीत आहे त्यावर तिचा हक्क नाही; जे तिचे स्वतःचे होते ते चालविणारे कोणी नाही. ज्या समाजाने ही विसंगती इतकी वर्षे पाहिली व तिच्यावर पाळणे रचून गायिले, त्या समाजास स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय लावून घेणे आवश्यक आहे.

आता ह्या चालीतील आणखी एक चमत्कार पाहा. ज्या नावासाठी एवढा अट्टाहास, ते नाव घरात उच्चारले तरी जाते काय? आमच्याकडील सून सासऱ्याचे नाव घेत नसे. मुलास सासऱ्याचेच नाव दिले की, पोटच्या मुलास नावाने हाक मारण्याची आईस चोरी. म्हणून कोणी त्यास बापू म्हणे, कोणी नाना, कोणी अण्णा, कोणी नुसते बाळ. आणि पाळण्यातले नाव शाळेच्या दाखल्यावर व मुंजीच्या पत्रिकेवर तेवढे दिसे. आजोबांचे स्मरण राहावे म्हणून नाव ठेवावयाचे आणि आजोबांचा मान राहावा म्हणून ते घ्यावयाचे नाही, असा हा न्याय! जिने नऊ महिने भार वाहिला तिला नाव निवडण्याचा अधिकार नसे, एवढ्यावरच गोष्ट थांबत नाही. ते उच्चारण्याचाही नसे. ही बंदी आता पुष्कळ सैल झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु नाव निवडताना सुनेचे मत शेवटी विचारण्याची, किंवा मुळीच न विचारण्याची, सवय मात्र अनेक सुशिक्षित घरांतूनही गेलेली नाही.

मुलगा असला तर आजोबांचे नाव. मुलगी असली तर काय, ह्याचे सर्वांत कठोर उत्तर आमच्याच सातारा जिल्ह्याने दिले. एकीमागून एक मुली झाल्या म्हणजे शेवटच्या मुलीचे नाव 'नकुशा' ठेवावे, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी तेथील कित्येक खेड्यांतील समजूत होती. नको असलेली ती नकुशा. 2011 सालच्या ऑक्टोबर महिन्यात साताऱ्यास सरकारी समारंभ करून अशा 285 मुलींना नवी नावे देण्यात आली. त्या मुलींपैकी काही शाळेत जाण्याच्या वयाच्या होत्या. म्हणजे हजेरीच्या वेळी रोज 'मी नको होते' ह्या हाकेस त्यांनी 'हजर' म्हणून उत्तर दिले होते. एकाच घरात एका मुलास कर्त्या पुरुषाचे नाव देऊन वारस म्हणून मांडीवर घ्यावे आणि दुसऱ्या लेकरास नावानेच उंबऱ्याबाहेर उभे करावे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वृक्षाची फळे आहेत. पहिली गोड लागते म्हणून ती दुसऱ्या झाडाची आहे असे समजण्याचे कारण नाही.

ह्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, वंश पुरुषाकडून चालतो म्हणून नावही पुरुषाचेच चालणार. हा आक्षेप घेणाऱ्यांनी पितृपक्षात आपण काय करितो हे आठवावे. महालयाच्या श्राद्धात बाप, आजा व पणजा ह्यांची नावे घेतात. तशीच आई, आजी व पणजी ह्यांचीही घेतात. आणि आईचे वडील, आजे व पणजे ह्यांची त्यांच्या पत्नींसह घेतात. म्हणजे मेल्यावर पिंड देताना आमच्या धर्मास आईचे घर आठवते, आजी आठवते, आईची आईसुद्धा आठवते. जन्मल्यावर नाव देताना मात्र ह्यांपैकी एकीचेही स्मरण होत नाही. जी व्यक्ती श्राद्धाच्या संकल्पात कुळाची आहे ती बारशाच्या पाळण्यापाशी परकी कशी होते, ह्याचे उत्तर सनातनी मंडळींनीच द्यावे.

दुसरा आक्षेप असा की, आईचे नाव पुढे करणे ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे. ह्या मंडळींनी नाशिकची पांडवलेणी पाहून यावी. ज्या सातवाहन राजांना महाराष्ट्राच्या इतिहासात अग्रस्थान आहे ते आपल्या नावामागे आईचे नाव लावीत. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. ही नावे मातेच्या गोत्रावरून आलेली असून ती शिलालेखांवर कोरलेली आहेत व नाण्यांवर उमटविलेली आहेत. त्याच डोंगरातील एक लेणे गौतमी बलश्री हिने आपल्या नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या, एकोणिसाव्या राज्यवर्षात भिक्षूंना दिले. तेथील लेखात तिने मुलाचा पराक्रम वर्णिला आहे आणि महाराजाची माता व महाराजाची आजी म्हणून स्वतःचे नाव दिले आहे. राज्य त्याही काळी बापाकडून मुलाकडेच जात असे, हे आम्ही विसरत नाही. परंतु आईचे नाव लावल्याने त्या राजांच्या पुरुषार्थास उणेपणा आला नाही, एवढे तरी कबूल करावेच लागेल. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी ह्याच भूमीत दगडावर कोरलेली रीत परदेशी कशी म्हणावी?

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. पूर्वजांची नावे चालविण्याचा आग्रहच मुळी कशाला, असे पुष्कळ तरुण म्हणतात. ह्यातील एका वर्गाचे म्हणणे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. ज्या जातींच्या माणसांस गावाने पिढ्यान्पिढ्या अर्ध्या नावानेच हाक मारली, ज्यांच्या आजोबांची नावे पाटलाच्या व कुळकर्ण्याच्या दप्तरात तुच्छतादर्शक रूपानेच लिहिली गेली, त्यांनी ती नावे मुलांस द्यावीत असे कोणत्या तोंडाने सांगावे? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाल्यानंतर अनेक घरांतून सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता, यशोधरा अशी नावे घुमू लागली. तो केवळ नव्याचा सोस नव्हता. जो वारसा आपणांस अपमानाने मिळाला तो नाकारून आपल्या निवडीचा वारसा त्यांनी घेतला. नाव आदराने दिलेले असेल तरच ते चालविण्यात अर्थ आहे, हा धडा त्यांनी सर्वांस दिला. परंतु दुसरा वर्ग केवळ 'जुनाट वाटते' म्हणून आजीचे नाव टाकतो आणि ज्याचा अर्थ स्वतःसही सांगता येत नाही असे एखादे नाव यादीतून उचलतो. त्यांस आम्ही एवढेच विचारतो की, आजीचे नाव तुम्हांस जुनाट वाटते ते तिच्या वयामुळे, की तिचे आयुष्य सांगण्याजोगे होते असे तुम्हांस कोणी शिकविलेच नाही म्हणून?

कायदा ह्या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे, हे नमूद करणे अवश्य आहे. महाराष्ट्राने 1994 सालीच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला. 2005 साली तसाच हक्क सर्व देशात लागू झाला. 2024 सालच्या मार्च महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने असे ठरविले की, त्या वर्षीच्या 1 मेपासून जन्मणाऱ्या मुलांची नावे सरकारी कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, बापाचे नाव व आडनाव ह्या क्रमाने लिहावीत. विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव लिहिण्याची जुनी रीत मात्र त्या निर्णयाने तशीच चालू ठेविली. म्हणजे आई म्हणून तिचे नाव मुलापाशी पोचले, पण पत्नी म्हणून ती अजून जुन्याच रकान्यात आहे. तरीही हे पाऊल पुढचे आहे आणि आम्ही त्याचे मनःपूर्वक स्वागत करितो. पण कायद्याचा हात दप्तरापर्यंत पोचतो, पाळण्यापर्यंत पोचत नाही. सातबाऱ्यावर मुलीचे नाव चढविता येते. ती ह्या घराची आहे ही गोष्ट घराच्या मनावर चढविण्याचे काम सरकारी हुकूम करू शकत नाही. लग्नानंतर मुलीने आपले नाव बदलावे असे कोणताही कायदा सांगत नाही, तरी ते बदलले जाते, ह्यावरूनच चालीचे बळ केवढे आहे हे दिसून येईल.

तेव्हा करावे काय? आम्ही काही अशक्य गोष्टी सुचवीत नाही. पहिली गोष्ट, बाळाचे नाव आई व बाप ह्या दोघांनी मिळून ठरवावे; वडीलधाऱ्यांनी सुचवावे, हट्ट धरू नये. बाराव्या दिवशीच निर्णय झाला पाहिजे अशी घाईही नको. जन्माची नोंद मुदतीत करून नाव मागाहून, एक वर्षाच्या आत विनाशुल्क, नोंदविता येते. दुसरी गोष्ट, मुलास आजोबांचे नाव द्यावयाचे असेल तर अवश्य द्यावे, पण त्याच मापाने मुलीस आजीचे द्यावे. आणि दोन्ही वेळा आईच्या माहेरचाही विचार करावा. आईचे वडील हेही आजोबाच, आईची आई हीही आजीच. तिसरी गोष्ट, आजीचे नाव देताना तिच्या आईबापांनी ठेविलेले नाव तिला विचारावे. ती हयात असेल तोवर हे काम करून घ्यावे. तिच्यामागे सांगणारे कोणी राहणार नाही. चौथी गोष्ट, घरात येणाऱ्या सुनेचे नाव बदलू नये. ही चाल पूर्वीइतकी सार्वत्रिक राहिली नाही, पण जेथे ती आहे तेथे मुलीने विरोध करावा अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. मांडवातली नवी नवरी भांडण आरंभू शकत नाही. हे सासऱ्यानेच ताट पुढे येण्यापूर्वी स्वच्छ सांगितले पाहिजे की, ही ज्या नावाने आली त्याच नावाने ह्या घरात राहील.

ह्यात खर्च नाही, कोणाच्या धर्मास बाध नाही, कोणाच्या मिळकतीस धक्का नाही. विधवाविवाहासाठी व स्त्रीशिक्षणासाठी आमच्या पूर्वीच्या सुधारकांनी बहिष्कार सोसले, शेणगोळे झेलले. नावासाठी तेवढे धैर्य लागत नाही. लागतो तो थोडासा न्याय, आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईपाशी जाऊन बसण्याची थोडी सवड. वृद्धांच्या डोळ्यांतील पाण्याचा उल्लेख आम्ही वर केला. आजोबांचे नाव ऐकून ते पाणी येते, तसेच स्वतःचे गेलेले नाव नातीच्या रूपाने पुन्हा ऐकून आजीच्याही डोळ्यांस येईल. ज्या नावाने तिला कित्येक वर्षांत कोणी हाक मारली नाही त्या नावाची मुलगी अंगणात खेळत असेल, आणि तिला हाक मारण्याची चोरी घरात कोणासही नसेल. अशी एक तरी हाक ज्या घरातून ऐकू येईल त्या घरापुरता हा प्रश्न सुटला असे आम्ही समजू.